ऊस, वाफ आणि प्रकाश : प्रारंभिक पदार्थविज्ञानातील तीन प्रकरणांचे सांधे

विद्यापीठीय पदार्थविज्ञानाच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात तरंग, उष्णता आणि विद्युत्-चुंबकत्व ही प्रकरणे एकापाठोपाठ एक येतात. परंतु ती बहुधा एकमेकांपासून अलिप्त अशीच शिकविली जातात. प्रत्येकाची सूत्रे निराळी, उदाहरणे निराळी व प्रयोगही निराळे. परिणामी विद्यार्थ्याच्या मनात तीन स्वतंत्र कप्पे तयार होतात आणि परीक्षा संपताच ते तसेच बंद राहतात. या शाखांचा इतिहास पाहिल्यास मात्र असे आढळते की, एका शाखेत अडलेला प्रश्न पुष्कळदा दुसऱ्या शाखेच्या साहाय्याने सुटला आहे. विषयाचे आकलन ज्या ठिकाणी खरोखर कसास लागते ती ठिकाणे म्हणजे हे सांधे होत. ते समजून घेण्यासाठी दूरच्या प्रयोगशाळेत जाण्याची आवश्यकता नाही. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील सोनईसारख्या गावी ते सहज पाहावयास मिळतात.

सोनईचा परिसर मुळा धरणाच्या उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात येतो. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे मुळा नदीवर बांधलेल्या या धरणाची साठवणक्षमता २६ अब्ज घनफूट आहे. या पाण्यावर ऊस वाढला. ज्या जिल्ह्यात १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याच जिल्ह्यात पुढे सोनई येथे मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गावात मुळा एज्युकेशन सोसायटीचे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयही आहे. ऊस पिकविणाऱ्या घरातील विद्यार्थी येथे पदार्थविज्ञान शिकू लागतो, तेव्हा त्याच्या पुस्तकातील बहुतेक प्रकरणे त्याच्या शेताच्या बांधावर व कारखान्याच्या आवारात अगोदरच उपस्थित असतात. त्याने ती ओळखावी, एवढाच प्रश्न असतो.

१. रस आटविण्याचे गणित

उसाच्या रसातून साखर काढणे हे मुख्यतः पाणी काढून टाकण्याचे काम आहे. रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे शेकडा प्रमाण ‘ब्रिक्स’ या परिमाणाने सांगतात. १५ ब्रिक्सचा १०० किलोग्रॅम रस घेतला, तर त्यात १५ किलोग्रॅम घन पदार्थ असतात. हा रस ६० ब्रिक्सपर्यंत आटवावयाचा झाल्यास पाकाचे वजन २५ किलोग्रॅम उरले पाहिजे. म्हणजेच ७५ किलोग्रॅम पाण्याची वाफ करावी लागते.

एक किलोग्रॅम पाणी ३० अंशांपासून १०० अंश सेल्सियसपर्यंत तापविण्यास सुमारे २९३ किलोज्यूल उष्णता लागते. त्याच पाण्याची १०० अंशांवरच वाफ करण्यास मात्र २,२५७ किलोज्यूल, म्हणजे पहिलीच्या पावणेआठ पट उष्णता खर्च होते. या काळात तापमापकाचा पारा हलत नाही, म्हणून तिला सुप्त उष्णता म्हणतात. उष्णता व तापमान या दोन राशी भिन्न आहेत, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य या दोन आकड्यांत सिद्ध होते. ७५ किलोग्रॅम पाण्याच्या निव्वळ बाष्पीभवनास सुमारे १ लाख ६९ हजार किलोज्यूल लागतात.

गुऱ्हाळात ही सर्व उष्णता काहिलीखालच्या चुलाणातून एकदाच दिली जाते आणि वाफ हवेत निघून जाते. त्या वाफेबरोबर तिची सुप्त उष्णताही जाते. ही उष्णता पुन्हा वापरता येईल काय, हा प्रश्न न्यू ऑर्लीन्स येथे जन्मलेला अभियंता नॉर्बर्ट रिलियू (१८०६–१८९४) याने सोडविला. त्याची एकस्वे १८४३ व १८४६ मधील आहेत. त्याच्या योजनेत अनेक बंद पात्रे ओळीने जोडलेली असतात. पहिल्या पात्रातील रसाची वाफ दुसऱ्या पात्रातील नळ्यांभोवती नेली जाते. तेथे तिचे पाणी होताना सुटलेली उष्णता दुसऱ्या पात्रातील रस उकळते, आणि असेच पुढे.

येथे विद्यार्थ्याने एक आक्षेप घ्यावयास हवा. उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडेच जाते. मग पहिल्या पात्रातून निघालेली वाफ तितक्याच तापमानाला उकळणारा रस कसा उकळील? याचे उत्तर दाबात आहे. पुढच्या प्रत्येक पात्रातील दाब कमी ठेवला की तेथील उत्कलनबिंदू खाली येतो. निरपेक्ष दाब पाऱ्याच्या सुमारे १२ सेंटिमीटर स्तंभाएवढा केल्यास पाणी ५५ अंशांच्या आसपास उकळते. चार पात्रांच्या रचनेत एक किलोग्रॅम वाफ ढोबळ मानाने चार किलोग्रॅम पाणी उडविते. ७५ किलोग्रॅमसाठी सुमारे १९ किलोग्रॅम वाफ पुरते. परंतु हा लाभ फुकट मिळत नाही. पहिल्या पात्राला १२५ अंशांची वाफ दिली व शेवटचे पात्र ५५ अंशांवर उकळले, तर मिळालेला ७० अंशांचा उतार चार पात्रांत वाटला जातो. प्रत्येकाच्या वाट्यास थोडाच फरक येतो व तेवढ्या फरकावर उष्णता वाहून नेण्यासाठी नळ्यांचा पृष्ठभाग वाढवावा लागतो. तापमानातील फरक हे उष्णताशास्त्रातील भांडवल आहे, ही गोष्ट सूत्रापेक्षा या उदाहरणातून अधिक ठसते.

२. टर्बाइनमधून सुटलेली वाफ

रस उकळणारी १२५ अंशांची वाफ येते कोठून, याचा शोध घेतला म्हणजे उष्णतेच्या दुसऱ्या नियमाशी गाठ पडते. बॉयलरमध्ये रस काढलेल्या उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, जळतो. या बगॅसमध्ये वजनाने जवळजवळ निम्मे पाणी असते. एक किलोग्रॅम बगॅसमधील अर्धा किलोग्रॅम पाणी ३० अंशांपासून तापवून त्याची वाफ करण्यातच सुमारे १,२७५ किलोज्यूल खर्च होतात. गिरणीतून बगॅस जितका कोरडा निघेल तितके बरे, याचे हे एक कारण आहे.

बॉयलरमधील उच्च दाबाची वाफ प्रथम टर्बाइन फिरविते. सादी कार्नो याने १८२४ मध्ये दाखविले की, कोणत्याही उष्णतायंत्राच्या कार्यक्षमतेची कमाल मर्यादा दोन तापमानांवरून ठरते. वाफ ४८० अंशांस (७५३ केल्व्हिन) आत आली व १२५ अंशांस (३९८ केल्व्हिन) बाहेर पडली असे धरल्यास ही मर्यादा सुमारे ४७ टक्के येते. प्रत्यक्ष यंत्र तिच्या पुष्कळ खाली राहते. उरलेल्या उष्णतेचे टर्बाइनमध्ये यांत्रिक कार्य होऊ शकत नाही. केवळ वीज तयार करणाऱ्या औष्णिक केंद्रात अशी उरलेली उष्णता थंड पाण्याला देऊन टाकावी लागते. साखर कारखान्यात तिचा उपयोग रस आटविण्यास होतो. नियम दोन्हीकडे तोच आहे. मात्र एकीकडे जी हानी ठरते ती दुसरीकडे गरज भागविते. ‘कार्यक्षमता’ हा शब्द कोणत्या कार्याच्या संदर्भात वापरला आहे हे विचारल्यावाचून त्याला अर्थ नसतो, असा धडा यातून मिळतो.

३. फिरते चुंबक व तापणारी मोटार

टर्बाइनच्या दांड्याला जोडलेला जनित्राचा चुंबक फिरू लागला की विद्युत्-चुंबकत्वाचे प्रकरण सुरू होते. मायकेल फॅरेडे याने २९ ऑगस्ट १८३१ रोजी विद्युत् प्रवर्तनाचा शोध लावला. चुंबकीय क्षेत्रातून वाहक हलला, अथवा वाहकाजवळून क्षेत्र सरकले, की वाहकाच्या टोकांत विद्युत्-दाब उत्पन्न होतो. अर्धा मीटर त्रिज्येचा चुंबक मिनिटास १,५०० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदास सुमारे ७८ मीटर होतो. क्षेत्र एक टेस्ला धरल्यास जवळच्या एक मीटर लांबीच्या तारेत सुमारे ७८ व्होल्ट दाब निर्माण होतो. अशा पुष्कळ तारा एकापुढे एक जोडल्या की हजारो व्होल्ट मिळतात. चार ध्रुवांचा चुंबक मिनिटास १,५०० फेरे घेतो तेव्हाच प्रवाहाची वारंवारता सेकंदास ५० आवर्तने येते. दोन ध्रुव असल्यास ३,००० फेरे हवेत.

लेंझच्या नियमातील ‘विरोध’ हा शब्द विद्यार्थी पाठ करतो, परंतु त्याचा भार कोणावर पडतो हे सहसा पाहत नाही. जनित्रातून प्रवाह घेतला जाऊ लागला की तो प्रवाह चुंबकाच्या फिरण्यास विरोध करतो. वेग कायम ठेवण्यासाठी टर्बाइनला अधिक वाफ द्यावी लागते, म्हणजे अधिक बगॅस जाळावे लागते. हा विरोध नसता तर इंधनावाचून वीज मिळाली असती. लेंझचा नियम हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचाच विद्युत्-क्षेत्रातील अवतार होय.

विजेचे उष्णतेत रूपांतर कसे होते याचे मोजमाप जेम्स प्रेस्कॉट ज्यूल याने १८४० च्या सुमारास केले. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. या ‘वर्गा’चे दोन परिणाम ग्रामीण जीवनात ठळकपणे दिसतात. तेवढीच शक्ती ११ किलोव्होल्टऐवजी १३२ किलोव्होल्टने नेली तर प्रवाह बारावा हिस्सा होतो व त्याच तारेतील हानी १४४ पटींनी घटते. म्हणून दूरच्या वाहिन्या उच्च दाबाच्या असतात. दुसरा परिणाम विहिरीवरच्या पंपाचा. वाहिनीच्या टोकाच्या शेतात दाब १० टक्क्यांनी खाली आला, तरी पंपावरील भार जवळजवळ तोच राहतो. ते काम पार पाडण्यासाठी मोटार सुमारे ११ टक्के अधिक प्रवाह ओढते, आणि गुंडाळीतील उष्णता सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. असे दीर्घकाळ चालल्यास तारांवरील रोधक लेप करपतो व मोटार जळते. दाब कमी असताना मोटार का जळावी, हे वरवर पाहता विपरीत वाटते. प्रवाहाचा वर्ग ध्यानात घेतला म्हणजे त्यात काही नवल राहत नाही.

४. भोंगा आणि हवेची उष्णता

आता तरंगांकडे वळता येईल. गाळपाचा हंगाम हिवाळ्यात असतो, आणि थंडीच्या पहाटे कारखान्याचा भोंगा दुपारपेक्षा पुष्कळ दूरच्या वस्तीवर ऐकू येतो. रात्री जमीन प्रारणाने थंड होते व तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. ध्वनीचा वेग ० अंशांस सेकंदाला ३३१ मीटर असतो व प्रत्येक अंशागणिक सुमारे ०·६ मीटरने वाढतो. वरच्या उबदार थरात तरंग पुढे सरकतात, खालच्या थरात रेंगाळतात. तरंगाचा मुखभाग जमिनीकडे झुकतो व वर निसटणारा ध्वनी पुन्हा खाली येतो. दुपारी याच्या उलट घडते.

ध्वनीच्या वेगाचा उष्णतेशी असलेला संबंध याहून खोल आहे. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथात हा वेग हवेचा दाब व घनता यांवरून काढण्याची रीत दिली. परंतु तिने येणारे उत्तर प्रत्यक्षाहून सुमारे १५ टक्क्यांनी कमी पडते. गतिशास्त्रात दोष सापडेना. ही अडचण लाप्लास याने १८१६ मध्ये दूर केली. हवा दाबली गेली की तापते व विरळ झाली की निवते. तरंगाच्या दाबलेल्या भागापासून विरळ भागापर्यंतचे अंतर, सेकंदास २०० कंपनांच्या ध्वनीत, सुमारे ८५ सेंटिमीटर असते. आणि अर्ध्या कंपनाच्या अवधीत उष्णता हवेतून मिलिमीटरच्या अंशाहून दूर जात नाही. म्हणून तापमान समान राहते ही न्यूटनची मूक समजूत टिकत नाही. योग्य दुरुस्ती केल्यास वेग १·४ च्या वर्गमूळाने, म्हणजे १·१८ पटीने वाढतो : २८० चे ३३१ होतात. तरंगाच्या प्रकरणातील एक साधा आकडा उष्णतेच्या प्रकरणावाचून येऊ शकला नाही, हे या उदाहरणाचे महत्त्व होय.

५. साखर प्रकाशास वळविते

कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसातील साखर मोजण्यासाठी ध्रुवणमापक, म्हणजेच पोलॅरिमीटर, वापरतात. त्याचे तत्त्व समजण्यासाठी खुंट्यास बांधलेले दावे डोळ्यांपुढे आणावे. दावे वर-खाली हलविले तर तरंग उभ्या प्रतलात जातो, आडवे हलविले तर आडव्या. प्रकाशही असाच आडछेदी तरंग आहे. साध्या प्रकाशात कंपने सर्व दिशांची मिसळलेली असतात. विशिष्ट स्फटिकातून अथवा पोलॅरॉइडच्या पत्र्यातून गेल्यावर एकाच प्रतलातील उरतात. झां-बातीस्त बियो याला १८१५ मध्ये असे आढळले की, साखरेच्या द्रावणासारख्या काही द्रवांतून जाताना हे प्रतलच फिरते. उगमाकडे तोंड करून पाहणाऱ्यास उसाची साखर ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविते असे दिसते. १०० मिलिलिटर द्रावणात १० ग्रॅम साखर असेल, तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात २० सेंटिमीटर नळीतून हे भ्रमण १३·३ अंश भरते. साखर दुप्पट, तर कोनही दुप्पट.

या वाचनाचे महत्त्व प्रयोगशाळेपुरते मर्यादित नाही. गाळलेल्या उसाशी मिळालेल्या साखरेचे शेकडा प्रमाण म्हणजे उतारा. आणि २००९ पासून लागू झालेला रास्त व किफायतशीर दर या उताऱ्याशी जोडलेला आहे. साखर बगॅसमध्ये राहिली, मळीत गेली, की उसातच नष्ट झाली, याचा माग ध्रुवणमापकानेच काढावा लागतो.

साखर नष्ट होते ती अशी. आम्लता व उष्णता यांच्या योगाने, तसेच तोडलेला ऊस पडून राहिल्याने, साखरेच्या रेणूचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. या मिश्रणाचे विशिष्ट भ्रमण उजवे ६६·५ अंश न राहता सुमारे २० अंश डावे होते. समजा, वरील १० ग्रॅमपैकी १ ग्रॅम साखर अशी पालटली. उरलेल्या ९ ग्रॅमचे भ्रमण सुमारे ११·९७ अंश. त्यातून पालटलेल्या साखरेचे सुमारे ०·४२ अंश वजा होऊन वाचन ११·५५ येते. ते ८·७ ग्रॅम साखरेचे निदर्शक आहे. म्हणजे दहा टक्क्यांची हानी यंत्रात तेरा टक्के दिसते. उपकरण साखर मोजत नाही, कोनांची बेरीज-वजाबाकी मोजते. हा भेद लक्षात घेऊनच क्लेर्जे याने साखर मुद्दाम पालटवून दोन वेळा वाचन घेण्याची पद्धत बसविली. शेवटची पात्रे कमी दाबाखाली उकळण्याचे दुसरे कारणही येथे उमगते : कमी तापमानात साखर कमी पालटते. उष्णतेच्या प्रकरणातील दाबाचा निर्णय प्रकाशाच्या कोनात उमटतो.

६. प्रकाश आणि चुंबक

या कोनानेच प्रकाश व चुंबकत्व यांतील पडदा प्रथम दूर केला. १८४५ च्या सप्टेंबरात फॅरेडेने जड काचेचा तुकडा प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यातून क्षेत्राच्या दिशेने ध्रुवित प्रकाश सोडला. आणि साखरेने फिरावे तसे प्रतल फिरले. दोन्ही भ्रमणे सारखी भासली तरी एक मोठा भेद आहे. आरशाने प्रकाश आल्या वाटेने परत पाठविला, तर साखरेतील भ्रमण पुसले जाते. चुंबकामुळे झालेले मात्र दुप्पट होते. मळसूत्राचा उजवा आटा कोणत्याही टोकाकडून पाहिला तरी उजवाच असतो. साखरेच्या रेणूंची ठेवण तशी आहे. चुंबकीय क्षेत्राची दिशा मात्र अवकाशात निश्चित असते, प्रकाश उलटला म्हणून ती उलटत नाही.

पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६० नंतरच्या वर्षांत विद्युत् व चुंबकत्वाचे नियम समीकरणांत बांधले, तेव्हा त्यांतून एका तरंगाचा वेग निघाला. वेबर व कोलराउश यांनी १८५६ मध्ये केवळ विद्युत् मापनांवरून मिळविलेल्या आकड्यानुसार तो सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर होता, म्हणजे प्रकाशाचाच. हर्ट्‌झ याने १८८७-८८ मध्ये असे तरंग प्रत्यक्ष निर्माण केले. आणि कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनी, १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पिळलेल्या तागाच्या जुड्यांतून विद्युत् तरंग सोडून त्यांचे ध्रुवण-प्रतल फिरविले. एका दिशेने पीळ दिलेला ताग प्रतल एका बाजूस फिरवी, उलट पिळाचा दुसऱ्या बाजूस. साखरेचा अदृश्य रेणू जे करतो त्याची ही हाताने घडविलेली मोठी प्रतिकृती होती.

७. अभ्यासाची दिशा

या सर्व विवेचनातून अभ्यासाची एक रीत सुचते. सूत्र हाती घेण्यापूर्वी राशी कोणती, ती कोठून आली व कोठे गेली, हे पाहावे. उत्तर किती यावे याचा ढोबळ अंदाज आधी बांधावा. आणि प्रत्येक नियमाबाबत तो कोणत्या गृहीतावर उभा आहे हे विचारावे. न्यूटनचे गणित चुकले नव्हते, गृहीत चुकले होते.

मराठी माध्यमातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यास इंग्रजी संज्ञांचा अडसर वाटतो. परंतु अनेकदा खरा घोटाळा ओळखीच्या शब्दांनी होतो. गूळ ‘उष्ण’ असतो, अंगात ‘उष्णता’ वाढते, या बोलण्यातील उष्णता ज्यूलमध्ये मोजता येत नाही. उलट, चुलाणाची धग व उन्हाची झळ यांतील फरक ज्या भाषेत रूढ आहे, त्या भाषेत प्रारण व अभिसरण समजावणे कठीण नाही. संज्ञा इंग्रजी असो वा मराठी, तिच्यामागची राशी स्वतःच्या शब्दांत सांगता येणे ही आकलनाची कसोटी होय.

ग्रामीण महाविद्यालयास एका हंगामात सहज करता येतील असे तीन प्रयोग येथे सुचविता येतील. शिक्षकांच्या देखरेखीखाली गुऱ्हाळातील काहिलीच्या रसाचे तापमान दर पाच मिनिटांनी नोंदवावे. पाक दाट होत जातो तसा उत्कलनबिंदू १०० अंशांवरून चढत जातो व गूळ तयार होण्याच्या वेळी ११५ अंशांच्या पुढे पोहोचतो. एकाच शेतातील ऊस तोडून ठेवून त्याच्या निवळलेल्या रसाचे ध्रुवण व ब्रिक्स सलग सहा दिवस मोजावे; दोन पोलॅरॉइड पत्रे, एक नळी, एक पिवळा दिवा व कोनमापक एवढ्या सामग्रीवरही हानीची दिशा कळू शकते. तिसरा प्रयोग जाणत्या तारतंत्र्याच्या मदतीने करावा : दिवसाच्या निरनिराळ्या वेळी पंपाच्या मोटारीचा दाब व प्रवाह नोंदवून त्यांचा आलेख काढावा. तीन वह्यांतील हे आकडे एकत्र मांडले, म्हणजे तोडलेला ऊस किती दिवस पडू द्यावा आणि मोटार कोणत्या दाबाखाली चालवू नये, या दोन प्रश्नांची उत्तरे घरच्यांना देणे त्या विद्यार्थ्यास शक्य होईल.